अधांतरी शेवट ही पळवाट नव्हे

अंतराळप्रवासाच्या कादंबऱ्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तीनशे पानं वाचकाला ग्रहताऱ्यांतून हिंडवायचं आणि ऐन शेवटी मुख्य प्रश्न अधांतरी सोडायचा, ही लेखकाची पळवाट आहे; उलगडा करणं हे विज्ञानाचं काम, तेव्हा विज्ञानकथेनंही तो केलाच पाहिजे. मराठी वाचकाला हे चटकन पटतं, आणि त्याला कारण आहे. आपली आधुनिक विज्ञानकथा बरीचशी विज्ञानप्रसाराचं बोट धरून वाढली. जयंत नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठीच पाठवली होती. त्या परंपरेतला वाचक शेवटच्या पानावर खुलासा शोधणारच. पण या आक्षेपात विज्ञान म्हणजे तयार उत्तरांचं कोठार असं गृहीत धरलेलं असतं, आणि तिथेच तो लंगडा पडतो.

आर्थर सी. क्लार्क यांची १९७३ सालची 'रॉन्देव्हू विथ रामा' पाहा. बाविसाव्या शतकात पन्नास किलोमीटर लांब, वीस किलोमीटर व्यासाचं 'रामा' नावाचं एक पोकळ नळकांडं सूर्यमालेत शिरतं. कमांडर नॉर्टन आणि त्याचे सहकारी आत उतरतात, तिथला वर्तुळाकार समुद्र, इमारतींचे पुंजके, यंत्रवत प्राणी पाहतात. नळकांडं चार मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी घेतं, त्यामुळे आत वजन कुठे किती भासेल, समुद्राचा एक काठ दुसऱ्यापेक्षा उंच का बांधला असेल, हे सगळं क्लार्क तपशिलात मांडतात. मग सूर्याला वळसा घालून रामा निघून जातो. तो कोणी बांधला, कशासाठी, हे कळत नाही. आता यात लेखकानं काय लपवलं? नॉर्टनला जे मोजता आलं ते सर्व वाचकापुढे आहे. बुध ग्रहावरच्या वसाहतवाल्यांनी सोडलेलं अण्वस्त्र निकामी होतं, तेव्हा माणसांच्या गोष्टीचे धागेही जुळलेले आहेत. उरतो तो एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर मिळायला लागणारा वेळ त्या पाहुण्यानं दिलेलाच नाही.

हे केवळ कल्पनेतलं म्हणून सोडून देता येत नाही. १९ ऑक्टोबर २०१७ रोजी हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीनं दुसऱ्या ताऱ्याकडून आलेली पहिली ज्ञात वस्तू टिपली. तिच्यासाठी 'रामा' हे नावही सुचवलं गेलं होतं. शेवटी 'ओउमुआमुआ' ठरलं. ती दिसली तोवर सूर्याला वळसा घालून परतीला लागली होती, आणि जानेवारी २०१८ नंतर कोणत्याही दुर्बिणीला दिसली नाही. सूर्याच्या ओढीनं समजावता न येणारं किंचित त्वरण तिच्यात आढळलं, पण धूमकेतूसारखी धूळ दिसली नाही. हायड्रोजन, नायट्रोजनचा बर्फ, कृत्रिम पडदा असे अनेक तर्क झाले. एकमत आजही नाही. खगोलशास्त्रज्ञांनी पळवाट काढली, असं मात्र कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: असे शेवट माणसाच्या बुद्धीचा पराभव गौरवतात, गूढवादाला दार उघडतात. स्तानिस्लाव लेम यांच्या १९६१ सालच्या 'सोलारिस'वर हा आरोप सर्वांत सहज होतो, आणि तिथेच तो सर्वांत खोटा ठरतो. सोलारिस ग्रहावरच्या संशोधन-स्थानकावर अशक्य माणसं दिसू लागल्यावर नायक केल्विनला शंका येते की आपलंच डोकं फिरलं आहे. तो प्रार्थना करत नाही. ग्रहाभोवती फिरणाऱ्या उपग्रहाकडून त्याच्या मार्गाचे आकडे मागवतो, न वाचता खणात ठेवतो, तेच गणित स्थानकावरच्या गणकयंत्राकडून स्वतंत्रपणे करून घेतो आणि मग दोन्ही ताडून पाहतो. आकडे चौथ्या दशांशस्थळापर्यंत जुळतात. इतकं गणित भ्रमिष्ट मेंदूला रचता येणार नाही, तेव्हा समोर दिसतं ते खरं आहे. शुद्धीची एवढी चोख परीक्षा कथावाङ्मयात क्वचितच सापडेल. या माणसाला शेवटी ग्रह व्यापून असलेल्या सजीव महासागराचा हेतू कळत नाही, त्याला कारण बुद्धीची हार मानणं नाही. हाती असलेल्या पुराव्यापलीकडे तो जात नाही, एवढंच. स्थानकावर प्रकटलेल्या त्याच्या मृत पत्नीचं, हारीचं, काय होतं, हे लेम स्पष्ट सांगतात. तिथे त्यांनी धूसरपणाचा आडोसा घेतलेला नाही.

म्हणून कसोटी पुराव्याची हवी. अँडी वीअर यांच्या 'द मार्शियन'मधला मंगळावर तगण्याचा प्रश्न बटाटे, पाणी आणि कक्षांच्या गणिताचा आहे. तो सुटतो, सुटलाच पाहिजे. उलट, जे पात्रांना ठाऊक आहे ते वाचकापासून दडवून 'हे सारं स्वप्न तर नव्हतं?' म्हणणारे लेखक दोषीच आहेत, त्यांची वकिली करण्याचं कारण नाही. पण क्लार्क आणि लेम यांना त्या रांगेत उभं करणं हा अन्याय आहे. उत्तरं दिल्यावर काय होतं, तेही पाहायला मिळालं आहे: १९८९ ते १९९३ या काळात क्लार्क यांनी जेंट्री ली यांच्यासह लिहिलेल्या तीन पुढच्या कादंबऱ्यांत रामाच्या कर्त्यांचा हेतू उलगडला गेला. त्या वाचताना वाचकाचं लक्ष प्रवाशांच्या कुटुंबकलहांत आणि राजकारणात गुंतत जातं, आणि पन्नास किलोमीटरचं ते नळकांडं त्यांच्यामागचा पडदा होऊन बसतं.