वाचता येणारे यंत्र

साहित्याच्या अभ्यासकांनी एका जुन्या मालवाहू गाडीविषयी लिहावे, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. परंतु गेली काही वर्षे अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात राहणारे आम्ही काही मित्र १९७२ सालच्या एका फोर्ड एफ-१०० पिकअपची घरच्या घरी डागडुजी करीत आहोत. आमच्यापैकी कुणीही यंत्रविद्येचा विद्यार्थी नाही. तरीही या उद्योगातून 'वाचन' या क्रियेविषयी आम्हांला जे उमगले, ते कित्येक चर्चासत्रांतूनही उमगले नव्हते. म्हणून हा प्रपंच.

या गाडीचे बॉनेट उघडले की पहिली जाणीव होते ती मोकळ्या जागेची. सहा सिलिंडर एका ओळीत, वर कार्बोरेटर, बाजूला डिस्ट्रिब्युटर आणि सभोवताली पान्यासकट हात घालता येईल एवढी पोकळी. पेट्रोल कुठून येते, ठिणगी कुठे पडते, उष्णता कुठे जाते, हे बोटाने दाखवता येते. कार्य आणि कारण यांचे नाते डोळ्यांसमोर असते. असे यंत्र सोपे असते असे नव्हे. पण ते आपला अर्थ लपवून ठेवत नाही. अवघड कविता आणि कुलूपबंद कपाट यांत जो फरक आहे, तोच येथे आहे.

एक प्रसंग सांगण्याजोगा आहे. मागील हिवाळ्यात गाडी चढावर अडखळू लागली. पेट्रोल नीट मिळत नसावे असा आमचा सिद्धान्त झाला. जुन्या गाडीत कार्बोरेटर बिघडतो हे आम्ही सर्वत्र वाचले होते. दोन शनिवार खर्चून आम्ही तो उतरवला, स्वच्छ केला, नवी गॅस्केटे घातली. अडखळणे कायम राहिले. शेवटी डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून फीलर गेज लावला, तेव्हा कळले की पॉइंटमधील फट जवळजवळ मिटली आहे. फिरत्या कॅमवर घासणारा पॉइंटचा छोटा ठोकळा हळूहळू झिजतो, तशी फट कमी होते, ठिणगी उशिरा पडते आणि इंजिनाचा जोर जातो. दुरुस्ती दहा मिनिटांची होती. आमची चूक हातांची नव्हती, वाचनाची होती. संहितेकडे पाहण्यापूर्वीच आम्ही अर्थ ठरवून बसलो होतो. समीक्षेत अशी चूक आयुष्यभर खपून जाते, क्वचित तिच्यावर पदवीही मिळते. इंजिन मात्र ती खपवून घेत नाही.

या प्रकारच्या वाचनाला साहित्यात स्थान नाही असे मुळीच नाही. जॉन स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' (१९३९) या कादंबरीत जोड कुटुंब ज्या ट्रकमधून कॅलिफोर्नियाला निघते, तो मुळात ट्रकच नाही. हडसन कंपनीची प्रवासी गाडी छिन्नीने कापून तिला मागे हौदा बसवलेला आहे. पुढे वाटेत सोबतच्या कुटुंबाच्या गाडीचे कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग जळते. तेव्हा टॉम आणि अल हे दोघे भाऊ भंगारातून सुटा भाग मिळवून रस्त्याच्या कडेला ती दुरुस्त करतात. स्टाइनबेक हा भाग घाईने उरकत नाही. तेल काढण्यापासून पिस्टनच्या रिंगा पितळी तारेने आवळण्यापर्यंत तो सावकाश थांबतो. आम्ही ही कादंबरी पूर्वी वर्गात शिकवली तेव्हा ही पाने 'वास्तववादी तपशील' म्हणून ओलांडून गेलो होतो. आज वाटते की कादंबरीचा गाभा तेथेच आहे. जमीन बँकेने घेतली, घर ट्रॅक्टरने पाडले. या माणसांच्या मालकीचे उरले आहे ते फक्त कौशल्य. ते बेअरिंग बसले तरच कथा पुढे जाणार आहे.

रॉबर्ट पिरसिगच्या १९७४ सालच्या प्रसिद्ध पुस्तकात याची दुसरी बाजू दिसते. मित्राच्या महागड्या मोटरसायकलचे हँडल सैल झाले आहे आणि बिअरच्या डब्याच्या पत्र्याची चकती त्यावर उत्तम उपाय आहे, असे निवेदक सुचवतो. मित्र दुखावतो. पत्रा तोच, गुणधर्म तेच. पण त्याला वस्तू दिसत नाही, तिची प्रतिष्ठा दिसते. हा मित्र आम्हां साहित्यिकांच्या जवळचा नातेवाईक आहे, हे कबूल केले पाहिजे.

आता प्रश्न येतो सुधारणेचा. जुन्या गाडीत काय बदलावे आणि काय तसेच ठेवावे? या मॉडेलमध्ये पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनामागे, केबिनच्या आतच आहे. ती तेथून काढून हौद्याखाली बसवणे ही अशा गाड्यांच्या मालकांची नेहमीची सुधारणा. चारही चाकांचे ड्रम ब्रेक पाण्यात भिजले की गाडी एका अंगाला ओढते. म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवतात. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालतात. यावर मूळनिष्ठ आणि सुधारक असे दोन पक्ष आहेत व त्यांचे वाद आपल्याकडील पाठचिकित्सेच्या वादांहून कमी कडवे नसतात.

आम्हांला येथे आठवते ते पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे काम. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा प्रकल्प १९१९ मध्ये सुरू झाला आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास गेला. त्या आवृत्तीत स्वीकारलेला पाठ वर येतो, पण नाकारलेले पाठ नष्ट केले जात नाहीत; ते तळटिपांत व परिशिष्टांत जपले जातात. जेथे पाठ अनिश्चित, तेथे नागमोडी रेघ. आम्ही टाकी हलवली आणि डिस्क ब्रेक बसवले, कारण जिवाशी खेळ करून जपलेली अस्सलता आम्हांला मान्य नाही. पण काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवला, आणि कोणता बदल कधी व का केला याची वही ठेवली. पुढच्या वाचकाला आमचा निर्णय तपासता यावा, इतकेच.

हा 'पुढचा वाचक' मात्र आज संकटात आहे, आणि आमच्या लेखाचे खरे कारण हेच आहे. आधुनिक गाडी संगणकांवर चालते; संगणक आज्ञावलीवर चालतो; आणि आज्ञावली ही कायद्याच्या दृष्टीने साहित्यकृतीसारखीच प्रताधिकाराने संरक्षित असते. अमेरिकेत १९९८ साली झालेल्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्टने अशा कृतीवरचे डिजिटल कुलूप तोडणे निषिद्ध ठरवले. स्वतःच्या गाडीचे वा ट्रॅक्टरचे निदान आणि दुरुस्ती करण्यासाठी मालकाला त्यातून सूट मिळाली ती २०१५ मध्ये. ही सूट देण्याचा अधिकार आहे काँग्रेसच्या ग्रंथपालाला, आणि तिचा दर तीन वर्षांनी फेरविचार होतो. शिवाय कुलूप उघडायची मुभा असली तरी किल्ली बनवून इतरांना विकण्याची मुभा त्यात नाही. यंत्र ही एक संहिता आहे, असे रूपक आपण वर्गात कौतुकाने वापरतो. कायद्याने ते रूपक शब्दशः खरे केले आणि त्याच क्षणी वाचकाचा हक्क काढून घेतला. गाडी दुरुस्त करण्याची परवानगी ग्रंथपालाकडे मागावी लागते, यातील विनोद आपल्यासारख्यांनी तरी ओळखायला हवा.

यावर आक्षेप येईल की हा सारा गतकाळाचा उमाळा आहे. तो काही अंशी रास्त आहे. आमच्या गाडीला एअरबॅग नाही, तिचा धूर आजच्या गाडीपेक्षा कितीतरी घाण आहे, आणि तिने रोज प्रवास करावा असे आम्ही कुणालाही सांगणार नाही. शिवाय इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे अपारदर्शकता, हे समीकरणही खोटे आहे. १९९६ पासून अमेरिकेतील मोटारगाड्यांवर निदानाची एकसमान यंत्रणा सक्तीची झाली. तिच्यामुळे गल्लीतल्या मेकॅनिकलाही स्वस्त उपकरणाने गाडीची तक्रार वाचता येऊ लागली. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ मध्ये कायदा करून अधिकृत विक्रेत्यांना मिळणारी दुरुस्तीची माहिती मालकांना व स्वतंत्र मेकॅनिकांनाही मिळालीच पाहिजे असे ठरवले. म्हणजे नवे यंत्रही वाचनीय असू शकते. ते तसे असावे की नसावे, हा तंत्राचा नसून सत्तेचा प्रश्न आहे.

भारतातही केंद्र सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या विचारक्षेत्रात शेतीची अवजारे आणि वाहने होती. मराठी साहित्यविश्वात त्याचे पडसाद उमटल्याचे आमच्या पाहण्यात नाही. याचे कारण जुने असावे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ग्रामव्यवस्थेवरील ग्रंथाला 'गावगाडा' हे नाव दिले. गाडा हे आपल्या समाजाचे रूपक झाले. पण त्याची धाव ठोकणारा लोहार आणि आरा बसवणारा सुतार यांचे ज्ञान हे ज्ञान मानले गेले नाही. लिहिणारा हात आणि दुरुस्त करणारा हात यांच्यामध्ये जातीची भिंत उभी राहिली. आजही मेकॅनिक आपल्या कथांत येतो तो काळवंडलेल्या कपड्यांसह. तो आवाज ऐकून दोष कसा ओळखतो, हे क्वचितच येते.

समीक्षकांनी लगेच पाना हाती घ्यावा असा आमचा आग्रह नाही. परंतु विद्यार्थ्याला 'संहिता म्हणजे काय' हे शिकवताना एकदा तरी त्याला गॅरेजात नेऊन उभे करावे. तेथे कुणीतरी इंजिनाला कान लावून उभा असेल. तो वाचतो आहे, हे आपल्याला ओळखता आले तर वाचनाच्या हक्कासाठी बोलण्याचा अधिकारही आपल्याला मिळेल.