घर विकणे आहे, पावडरीसकट

जुनं घर विकायला काढलं, की पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी सल्लागार येतात. येतात फुकट, पण पडतात चार-पाच लाखांना. त्यांचं म्हणणं एकच. घर आहे तसं दाखवू नका. आधी फरशी बदला, फॉल्स सीलिंग करा, भिंतींना कुठला तरी दुधी-बिधी रंग द्या, तो काळा ओटा काढून टाका, आणि मग बघा घर कसं हातोहात जातं!

हा सल्ला मला साफ अमान्य आहे. तो मला उधळा वाटतो, हास्यास्पद वाटतो, आणि खरं सांगायचं तर थोडासा लबाडही वाटतो.

आमचा कोथरूडचा दोन खोल्या-किचनचा ब्लॉक १९७८ सालचा. (त्या वेळी आमच्यासारखे लोक ‘ब्लॉक’ घेत. ‘फ्लॅट’ सिनेमातल्या व्हिलनचा असे.) तिसरा मजला, लिफ्ट नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षं गुडघ्यांनी काही तक्रार केली नाही. मग एकदम नोटीसच दिली. तेव्हा आम्ही लिफ्टवाल्या इमारतीत राहायला गेलो आणि हा ब्लॉक विकायला काढला. पुतण्या येऊन बघून गेला आणि म्हणाला, “काका, सगळं फारच डेटेड दिसतंय.”

“डेटेड म्हणजे रे काय?”

“म्हणजे बघितल्याबरोबर कळतं, कुठल्या सालातलं आहे ते.”

“मग बरंच आहे की! करारनाम्यावरही तेच साल आहे.”

पुतण्याचा मुख्य राग आमच्या स्वित्झर्लंडवर आहे. १९८४ साली आम्ही बाहेरच्या खोलीच्या एका अख्ख्या भिंतीवर निसर्गदृश्याचा कागद चिकटवून घेतला. त्या सुमाराला ही साथच होती. कुणाकडे धबधबा कोसळायचा, कुणाकडे पिवळ्या पानांचं जंगल असायचं. आमच्या वाट्याला बर्फाची शिखरं, खाली निळं तळं आणि काठावर एक लाकडी घर आलं. कागद लावणाऱ्याने स्विचबोर्डापुरता चौकोन नीट कापून दिला, त्यामुळे पंख्याचं बटण तळ्याच्या बरोबर मधोमध आलं. सगळ्यांत उंच शिखराच्या माथ्यावर खिळा आहे, त्याला कालनिर्णय. तिथला सूर्योदय ट्यूबलाइटचा, तोही दोनदा फडफडून मग होणारा. दोन भाच्यांचे स्थळांना पाठवायचे फोटो ह्याच भिंतीपुढे काढले. त्यांतल्या एका मुलाच्या वडिलांनी, “मुलगी परदेशी कधी गेली होती?” असं विचारल्याची आमच्याकडे दंतकथा आहे.

आता हे दृश्य सुंदर आहे, असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. ते जुनाट आहे आणि कडेकडेने सुटतंयही. पण जो कुणी घर घेईल, तो ते अर्ध्या दिवसात एक बादली पाणी आणि पत्रा घेऊन खरवडून काढील आणि त्या भिंतीला आपल्या मनासारखा रंग देईल. त्याच्या मनातला रंग कोणता, हे मी आधी ओळखून ठेवावं, अशी ह्या लोकांची माझ्याकडून अपेक्षा आहे. घरातल्या माणसांच्या मनातला रंग ओळखण्यात माझी हयात गेली!

दुसरा राग फरशीवर. आमची फरशी मोझेकची. दहा इंची चौकोनी टाइल, पांढऱ्या सिमेंटात संगमरवराच्या कपच्या, बसवून झाल्यावर मशीनने घासून पॉलिश केलेली. इतकी वर्षं तिच्यावर पाट पडले, वरवंटे पडले, मुलांनी तीनचाकी सायकली चालवल्या. ती जागची हललेली नाही. ती म्हणे झाकून टाका. जुन्या फरशीवरच नव्या चकचकीत टाइल चिकटवता येतात. येतात ना! मग जमीन अर्धा-पाऊण इंच वर येते, दारं अडतात, सुतार बोलावून ती खालून रंधून घ्यायची, न्हाणीघराचा उंबरा बुटका होतो आणि आंघोळीचं पाणी पाहुण्यांना भेटायला बाहेर येतं. गंमत अशी, की हीच कपच्यांची फरशी आजकालच्या सजावटीच्या मासिकांतून ‘टेराझो’ ह्या नावाने पुन्हा आली आहे. मूळ ती व्हेनिसच्या कारागिरांची, उरलेल्या संगमरवराच्या तुकड्यांतून केलेली. म्हणजे मी पैसे घालून मोझेक झाकायचं आणि घेणाऱ्याने आणखी पैसे घालून वरून टेराझो बसवायचं. मशीन आणून पुन्हा घासली तर आमची आहे तीच फरशी आरशासारखी होईल. पण हे कुणी सुचवत नाही, कारण त्यात कुणाचाच टेम्पो भरत नाही.

आमच्याच जिन्यात दुसऱ्या मजल्यावर काय झालं ते सांगतो. विकणाऱ्यांनी ह्याच सल्ल्याने सगळं नवं केलं. ग्रॅनाइटचा ओटा तर असा, की त्यावर पोळी लाटायची हिंमत होऊ नये. घर गेलं. घेणाऱ्यांचे वास्तुशास्त्री आले, त्यांनी होकायंत्र काढलं, आणि गॅस पूर्वेला नाही म्हणून सहा महिन्यांचा तो ओटा हातोड्याने फोडला. पोत्यांत भरलेलं ग्रॅनाइट जिन्यातून खाली जाताना मी पाहिलं आहे.

ओट्याचा विषय आमच्याकडे जरा नाजूक आहे. आमचा ओटा कडाप्प्याचा. त्याच्या जागी ग्रॅनाइट यावा अशी हिची फार जुनी मागणी. पण दर वेळी काही ना काही निघायचं. एकदा मुलाची फी, एकदा मुलीचं लग्न, एकदा माझाच मोतीबिंदू. मग तिने मागणं सोडलं आणि त्याच कडाप्प्यावर निमूटपणे चार पिढ्यांना जेवू घातलं. पुतण्या ग्रॅनाइटचे नमुने घेऊन आला, तेव्हा ही एवढंच म्हणाली, “मी होते तोवर चाललं. आता कुणाला चालणार नाही म्हणता?”

ह्या प्रश्नाला पुतण्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे तर कधीच नसतं.

पण किंमत वाढते ना, असं तुम्ही म्हणाल. चकचकीत घर डोळ्यांत लवकर भरतं, हे मला मान्य आहे. पण आपल्या शहरांत घराचा भाव बोलला जातो चौरस फुटाला. तो ठरतो वस्तीवरून, कार्पेट एरियावरून, लिफ्टवरून, गाडी कुठे लावायची ह्यावरून. मुद्रांक शुल्कासाठी सरकारचा रेडी रेकनर असतो, त्यातही विभाग बघतात, बांधकामाचं वय बघतात. स्वित्झर्लंडसाठी वजावट नाही आणि फॉल्स सीलिंगला वाढ नाही. समजा, मी चार लाख घातले आणि एजंटाच्या जिभेच्या जोरावर ते किमतीत घुसवले. ते भरणार कोण? कुणीतरी तिशीतलं जोडपं, वीस वर्षांचं कर्ज काढून. माझ्या घाईघाईच्या पीओपीवर ते बिचारे वीस वर्षं व्याज भरणार, आणि पीओपी दुसऱ्याच वर्षी पाडणार. त्यापेक्षा तेवढे पैसे कमी घेतो. त्यांचा ओटा त्यांना हव्या त्या दिशेला बांधू देत.

आता लबाडीचं. आमच्या मागच्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. जुलैत नकाशासारखा डाग उमटतो आणि दिवाळीपर्यंत फिका होतो. ह्यावर एका रंगाऱ्याने मला पुट्टीचे दोन हात आणि वर मऊ रंग सुचवला. “मे महिन्यात घर दाखवा, काही कळत नाही!” म्हणाला. माझं म्हणणं आहे, की ह्या सगळ्या सजावटीत बऱ्याचदा असा एखादा डाग दडलेला असतो. छत खाली का आणलं, ह्या भिंतीलाच लाकडी पॅनेल का, हे पाऊस पडल्यावर कळतं. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा, म्हणजे आमच्या ब्लॉकपेक्षाही डेटेड. पण त्याचं कलम ५५ सांगतं, की घेणाऱ्याला साध्या तपासणीत न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल, तर तो त्याने सांगितला पाहिजे. रंग जुना आहे, हे सांगायची गरज नाही. ते दिसतं.

तेव्हा मी काय केलं? गळके नळ दुरुस्त केले, खराब वायरी बदलल्या, माळा रिकामा केला. (माळ्यावरून सात पितळी डबे, एक बाबागाडी आणि मोडका रेडिओ निघाला. रेडिओ नव्या घरी आला आहे, ह्यावर इथे अधिक लिहीत नाही.) जाळी-जळमटं काढली. मूळ करारनामा, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, कराच्या पावत्या एका फायलीत लावल्या आणि सोसायटीकडे थकबाकी नसल्याचा दाखला मागितला. तो दाखला मिळवायला जेवढे हेलपाटे पडले, तेवढ्यात दोन फरश्या बसल्या असत्या. पण कागद अडला की सौदा अडतो. स्वित्झर्लंडपायी अडलेला सौदा मी तरी पाहिलेला नाही.

मग जाहिरात लिहिली. ‘विकणे आहे. १९७८ चा ब्लॉक, तिसरा मजला, लिफ्ट नाही, पाणी भरपूर, फरशी मोझेक. मागच्या भिंतीला पावसाळ्यात ओल. आतील सजावट मालकांची, घेणाऱ्यावर सक्ती नाही.’ पुतण्याने कपाळाला हात लावला आणि “एकही फोन येणार नाही,” असं भविष्य वर्तवलं.

पहिल्या दोन दिवसांत तीन फोन आले. पहिल्याने विचारलं, पार्किंग आहे का? दुसऱ्या बाईंनी विचारलं, पाणी भरपूर म्हणजे नेमकं किती वाजता? तिसरे गृहस्थ अतिशय सभ्य होते. त्यांनी फरशी, रंग, ओटा, ओल कशाचीच चौकशी केली नाही. त्यांना एवढंच हवं होतं, की सोसायटी रिडेव्हलपमेंटला कधी जाणार, म्हणजे ही बिल्डिंग साधारण कुठल्या महिन्यात पाडतील?