झाडाचा विषय

यंदा आमच्या धर्मग्रामातील नाताळवृक्ष स्पर्धेत ‘विषयाशी एकरूपता’ यास सर्वाधिक गुण होते. पहिला क्रमांक निळ्या-रुपेरी झाडास मिळाला. त्या घरातील आजीने पतंगाच्या कागदाचा केलेला लाल तारा रंगास विसंगत म्हणून माळ्यावर गेला होता.

मुळात या झाडास विषय शोधावा लागतो, हेच नवल! मध्ययुगीन जर्मनीत २४ डिसेंबर हा आदाम-एवेचा स्मरणदिन. त्या दिवशीच्या नंदनवन-नाट्यात फरच्या झाडाला सफरचंदे टांगीत. पुढे घरोघरीच्या झाडांवर सफरचंदांशेजारी ओस्त्यांसारख्या पातळ पापड्याही लटकल्या. पतनाचे फळ आणि तारणाची भाकर एकाच फांदीवर! (आमच्या किनाऱ्यावर फर कुठला? सुरूची फांदीच आणीत. तिचे कुणाचे काही अडले नाही.) आणि आपण पाहतो काय, तर लाल गोळे पडद्यांशी जुळतात की नाही!

विषयास माझा विरोध नाही. इशायाच्या वंशवृक्षाची परंपरा विषयप्रधानच आहे. नोहाचे तारू, याकोबाची शिडी, दाविदाची वीणा आगमनकाळात रोज एकेक टांगावी, मुलांस ती कथा सांगावी. दुकानातून एकरंगी संच आणल्यावर सांगायचे काय? त्याची किंमत?

पुढील वर्षी परीक्षकांनी गुणपत्रिका घरी ठेवावी आणि दारोदार एवढेच विचारावे, “हा तारा कोणी केला?”