तोटा कोणी सोसावा?

परंपरागत कृषी विकास योजना २०१५ साली सुरू झाली. नंतरच्या नियमांनुसार सेंद्रिय शेतीकडे वळणाऱ्यास तीन वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये साहाय्य ठरले. पैकी खते-बियाण्यांसाठी थेट शेतकऱ्याच्या हाती १५,००० पडतात. म्हणजे वर्षाला एकरी सुमारे २,०००! याच काळात पिकाचा उतारा बहुधा घटतो, आणि प्रमाणपत्राअभावी चढा भावही मिळत नाही. उलट रासायनिक खतांच्या अनुदानावर २०२२-२३ या एकाच वर्षात अडीच लाख कोटींहून अधिक रुपये खर्ची पडले. जमिनीचा कस हे राष्ट्राचे भांडवल होय. ते राखल्याचा लाभ साऱ्या समाजाला मिळणार असेल, तर संक्रमणकाळातील तोटा एकट्या शेतकऱ्याने का सोसावा? ही तूट शासनाने भरून दिल्याखेरीज सेंद्रिय शेतीचा उपदेश पोकळच ठरेल.