पाथरी आणि म्हातारा : दोन तणांची गल्लत

रब्बीचीं पिकें वाढीस लागलीं कीं परभणी जिल्ह्यांतील शेतांत दुधी चिकाच्या व पिवळ्या फुलांच्या दोन वनस्पति दिसूं लागतात. एक पाथरी व दुसरी म्हातारा. कित्येक ठिकाणीं दोहोंसही पाथरीच म्हणतात. नांवांची ही गल्लत वरवर क्षुल्लक वाटेल. परंतु तिच्यापायीं निंदणीची मजुरी वायां जाते, असें आमचें मत आहे.

दोहोंची ओळख अवघड नाहीं. पाथरीचीं पानें जमिनीसरशीं चक्राकार पसरतात, त्यांच्या कडांस बारीक पांढरे दांते असतात, व फुलांचे दांडे जवळजवळ निष्पर्ण असतात. ती बहुवर्षायु असून तिच्या मुळांवरच नवे कोंब फुटतात. म्हातारा वर्षायु आहे. त्याचें खोड पोकळ व सरळ असतें, आणि पानांचा तळ कानाच्या पाळीप्रमाणें खोडास बिलगलेला असतो. ह्या पाळ्या टोंकदार असल्यास तो साधा म्हातारा. पाळ्या गोल वळलेल्या व पानें बोचरीं असल्यास काटेरी म्हातारा समजावा. शास्त्रांत पाथरीस लॉनिया प्रोकम्बेन्स, साध्या म्हाताऱ्यास सोंकस ओलेरेशस व काटेरीस सोंकस ॲस्पर म्हणतात. करडईही ह्यांच्याच कुळांतील.

म्हातारा मूळचा युरोप, पश्चिम आशिया व उत्तर आफ्रिका येथील असून मनुष्याच्या शेतीबरोबर तो जगभर पसरला. पाथरी ही भारतापासून उत्तर आफ्रिकेपर्यंतच्या कोरड्या मुलखाची मूळ रहिवासी. म्हणून ती कोरडवाहू रानांत, बांधांवर व वाटेच्या कडेस तग धरते. म्हाताऱ्यास मात्र विहिरीखालचा गहू, भाजीपाल्याचे वाफे व पाटाचा ओलावा मानवतो. कूक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत निघाला. परंतु परभणी तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यानें हा मुलूख त्याच्या कक्षेबाहेर राहिला. मराठवाड्याच्या वनस्पतींचा स्वतंत्र ग्रंथ प्रा. व्ही. एन. नाईक यांनीं १९९८ मध्यें प्रसिद्ध केला. आतां तरी आपल्या रानांतील तणांस आपण नेमक्या नांवांनीं ओळखावें.

ओळख पटली म्हणजे उपायही निराळे ठरतात. पाथरी वरून खुरपली तर मुळापासून पुन्हां फुटते. तिच्यासाठीं पीक निघाल्यावर खोल नांगरट करून, मुळें वेंचून उन्हांत वाळवणें हेंच श्रेयस्कर. म्हाताऱ्याचें सारें बळ बियांत आहे. एक झाड हजारों बिया देतें, व पांढऱ्या केसांच्या झुबक्यांवर त्या वाऱ्यानें दूर जातात. परंतु हें बीं उगवतें तें जमिनीच्या पृष्ठालगतच. पांच सेंटिमीटर खोल गाडलें तर अंकुर वर येत नाहीं. तेव्हां म्हातारा फुलण्यापूर्वीं उपटावा, आणि फुलावर आलेलें झाड उपटून बांधावर टाकूं नये. शेजाऱ्याचा बांध स्वच्छ नसेल तर एकट्यानें केलेली मेहनत फुकट जाते, हेंही ध्यानांत असावें.

कांहीं बंधु म्हणतील, "निंदणीस मजूर मिळत नाहींत; तणनाशकाची एक फवारणी बरी." अडचण खरी आहे. परंतु ऑस्ट्रेलियाचा अनुभव पाहावा. तेथें नांगरट सोडून तणनाशकांवर भिस्त ठेवणाऱ्या शेतांत म्हातारा हें मोठें तण होऊन बसलें, व ग्लायफोसेटला दाद न देणारा म्हातारा तेथें २०१४ मध्यें नोंदला गेला. आपल्याकडेही विना-नांगरणीची शेती कांहीं बंधूंनीं स्वीकारली आहे. त्या पद्धतीचे लाभ आम्ही नाकारीत नाहीं. मात्र तींत बीं पृष्ठावरच राहतें, म्हणून तेथें म्हातारा फुलूं न देण्याची दक्षता दुप्पट हवी.

याहून महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. पाथरीचीं कोंवळीं पानें भाकरीबरोबर कच्चीं खाण्याची आपली रीत जुनी आहे. निंदणीस आलेल्या बाया तीं ओट्यांत भरून घरीं नेतात. फवारलेलें झाड कांहीं दिवस हिरवेंच दिसतें. पानावर औषध आहे हें त्या बाईस कसें कळावें? आणि कच्चें पान मुलांच्या तोंडीं गेल्यावर कळून तरी काय उपयोग? म्हणून जो फवारणी करील त्यानें निंदणाऱ्या बायांस व शेजाऱ्यांस आधीं सांगावें, फवारलेल्या रानाच्या कडेस खूण लावावी, आणि निदान एक बांध भाजीसाठीं औषधावांचून राखावा. ह्यांत खर्च जवळजवळ नाहींच.

तण हा पिकाचा शत्रु खरा. पण तेंच कोणाच्या तरी ताटांतील भाजीही असतें. ह्या दोन्ही गोष्टी ध्यानांत ठेवून येत्या रब्बींत आमचे वाचक वर्तन करतील, अशी आम्हांस आशा आहे.