ओआरएस गोड्या पाण्यातच कालवा

नांदुऱ्याच्या आणि पूर्णाकाठच्या आयाबायांनो, लेकराला हगवण लागली की तुम्ही ओआरएसची पुडी आणता, हे फार चांगलं करता. पण ती कोणत्या पाण्यात कालवता, तेवढं बघा. आपला मुलूख खारपाणपट्ट्याचा. बोअरचं नि हापशाचं पाणी कितीतरी ठिकाणी खारं.

कैरीच्या फोडींना मीठ लावलं की भांड्यात पाणी सुटतं. पेशीच्या पडद्यातून पाणी नेहमी जास्त क्षार असलेल्या बाजूला सरकतं. त्याला परासरण म्हणतात. आतड्यातही हेच घडतं. बेताच्या प्रमाणातलं मीठ आणि साखर जोडीनं आत शोषली जातात, त्यांच्यामागोमाग पाणी अंगात जातं. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी एवढ्याच बळावर पटकीच्या असंख्य रोग्यांना वाचवलं. द्रावण दाट झालं तर मात्र अंगातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं. हगवण वाढते, रक्तात सोडियम चढतो, मेंदूच्या पेशी आकसतात. लहान लेकराला झटके येऊ शकतात.

लिटरच्या पुडीत मीठ 2.6 ग्रॅम. पिण्याच्या पाण्यात क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालतात, असं भारतीय मानक सांगतं. 2000 म्हणजे 2 ग्रॅम! तेवढे क्षार पुडीच्या वर जादा पडतात.

पाणी उकळून क्षार जात नाहीत, उलट वाफ गेल्यावर ते थोडं अधिकच खारं होतं. तुरटीनं गाळ बसतो, क्लोरीननं जंतू मरतात, खारेपणा जिथल्या तिथे. म्हणून नळयोजनेचं गोडं पाणी किंवा आरओचं पाणी घ्या, आणि तेही उकळून, गार करून. जारचं पाणी गोडं असलं तरी जंतू नसतीलच असं नाही. पुडी लिटरची की 200 मिलीची ते वाचा आणि अख्खी पुडी तेवढ्याच पाण्यात टाका. पेल्यात अंदाजानं चिमूटभर नको.

मोठ्या माणसाच्या पेशी तांब्याभर खाऱ्या पाण्यानं आकसत नाहीत. जादा क्षार मूत्रपिंडं बाहेर टाकतात. पण ज्यांना बीपी किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांच्यासाठी रोजचं पाणी गोडंच ठेवा.

गोडं पाणी मिळालंच नाही, तर ओआरएस बंद करू नका. जे त्यातल्या त्यात कमी खारं असेल त्यात कालवा, अंगावरचं दूध चालू ठेवा, आणि लेकरू मलूल दिसलं किंवा लघवी कमी झाली की लगेच सरकारी दवाखान्यात न्या.