दहा मिनिटांचा इशारा

गेल्या दिवाळीत बहादरपुरला मावसबहिणीकडे गेलो होतो. बुऱ्हाणपूरजवळचे हे गाव. जेवताना भाऊजींच्या हातातला घास गळला. तोंड जरा वाकडे झाले, बोलणे बोबडे. दहा मिनिटांत सारे पूर्ववत! "पित्त चढलं असेल," म्हणून ते लवंडले आणि संध्याकाळी मला कुंडी भंडारा दाखवायला घेऊन गेले. मी शिकलेला माणूस, पण गेलो मुकाट्याने.

बिदरच्या नौबादची सुरंग बावी पाहिलेल्यांना कुंडी भंडारा परका वाटणार नाही. 1615 च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, सातपुड्याचे झिरपते पाणी भुयारातून शहरात आणले गेले. त्या भुयाराच्या भिंतींवर आता चुन्याचे थर चढले आहेत. कुंडीच्या तोंडाशी उभे राहून भाऊजी म्हणाले, "आपल्या रक्तवाहिन्यांचंही असंच. खार साचतो, नळी बुजते."

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या हट्टाने डॉक्टरांकडे गेलो. मानेची सोनोग्राफी झाली. धमनी निम्मीच अरुंद होती. भाऊजी खूश! डॉक्टर मात्र रागावले. म्हणाले, "रक्तवाहिनी म्हणजे दगडी भुयार नव्हे. ती जिवंत आहे."

त्यांनी सांगितले ते असे. चरबी धमनीच्या आतून चिकटत नाही, ती भिंतीच्या अस्तराखाली शिरते. तिला गिळायला पांढऱ्या पेशी धावतात, चरबी खाऊन फुगतात, मरतात. त्यांचा मऊ लगदा साचतो आणि त्यावर तंतूंचे पातळ आवरण धरते, दुधावरच्या सायीसारखे. आतली सूज हे आवरण कुरतडत राहते. ते फाटले की रक्ताला ती जखम वाटते आणि तिथे गुठळी धरते. गुठळीचा तुकडा मेंदूत जाऊन अडकला की झटका. म्हणून जाड आवरणाच्या जुन्या, कडक गाठीपेक्षा पातळ आवरणाची लहान गाठ कधी कधी अधिक घातकी. नळी किती उघडी आहे, एवढेच पाहून भागत नाही.

भाऊजींचा तुकडा आपोआप विरघळला, हे नशीब. अशा इशाऱ्यानंतर पहिले दोन दिवसच सर्वांत धोक्याचे असतात. त्यातला एक आम्ही सहलीत घालवला होता!

मराठीत अर्धांगवायू, कन्नडमध्ये पार्श्ववायू. नावात वायू असला तरी दोष वाऱ्याचा नाही. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, जीभ अडखळणे, यांपैकी एक जरी दिसले तरी घड्याळ पाहा आणि 108 ला फोन करा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. घरच्या घरी ॲस्पिरिन देऊ नका. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तीच गोळी घात करते. ते स्कॅनशिवाय कळत नाही.

भाऊजी आता रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची गोळी नेमाने घेतात. कोलेस्टेरॉलच्या गोळीने ती साय घट्ट होते म्हणे. तंबाखूची डबी बहिणीने कधीच चुलीत टाकली आहे. पुढच्या दिवाळीला त्यांनी पुन्हा बोलावले आहे. जाईन. मात्र यापुढे कुणाचे "पित्त" मुकाट्याने ऐकून घेणार नाही.